एका मीटरवर दोन घरं

उन्नती टॅबलेट घेऊन पहिल्यांदा आपल्याच गावच्या, मुरब्याच्या बंदराकडे उतरली, तेव्हा अर्धं गाव तिच्या मागे चाललं होतं. वीज कंपनीनं पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पट्ट्यातली सगळी लाइन नकाशावर चढवायला घेतली होती. प्रत्येक खांब, खांबांना वीज देणारी प्रत्येक डीपी, आणि कुठल्या खांबावरून कुठल्या घरात वीज जाते तेही. साहेबलोक त्याला जीआयएस म्हणायचे. गावातल्या बायका 'विजेचा नकाशा' म्हणायच्या. काम घेतलेल्या ठेकेदार कंपनीनं मुद्दाम गावोगावची पोरं-पोरी निवडली होती, कारण परक्या माणसाला किनाऱ्यावरची माणसं ओटीच्या पुढे येऊ देत नाहीत. उन्नती पालघरच्या कॉलेजात भूगोल शिकलेली. तिची निवड लगेच झाली.

काम दिसायला सोपं होतं. खांबाजवळ उभं राहायचं, टॅबलेटला जागा नीट सापडेपर्यंत थांबायचं, फोटो काढायचा, खांबावर पिवळ्या रंगानं नंबर घालायचा, मग त्या खांबावरच्या घराघरात जाऊन मीटरचा नंबर टिपायचा. उन्हात टॅबलेटवर काही दिसायचं नाही, म्हणून ती ओढणी डोक्यावरून पुढे ओढून तिच्या सावलीत लिहायची. खाऱ्या वाऱ्यानं निम्मे खांब गंजून सोललेले. काहींना जाळी बांधलेली, काहींवर बोंबील वाळवायचे दोर ताणलेले. कुणी तिला हटकलं नाही. "आपली उन्नी हाय," म्हणत बायका माजघरापर्यंत न्यायच्या, मीटरवरची जळमटं स्वतः पुसून द्यायच्या, वर चहा.

उन्नती सोजराआत्याकडे वाढली होती. आई लहानपणीच गेली, वडील पुढे काविळीनं गेले. वडिलांच्या ह्या बहिणीनं तिला घरी आणली ती कायमचीच. सोजराबाई विधवा. नवऱ्याची बोट वादळात सापडली तेव्हा बरोबरचे सगळे परत आले, तो आला नाही. परत आलेल्यांतला एक शेजारचा दादू. एकुलती एक मुलगी पारू लग्न होऊन एडवणला गेलेली. सोजराबाई बंदरावर मासळी घ्यायची आणि बोईसरच्या बाजारात विकायची. उरलेली मासळी ठेवायला तिच्याकडे एक जुना फ्रीजर होता. घरातली तीच सगळ्यात मोठी वस्तू. त्याच्या घरघरीशिवाय तिला झोप यायची नाही.

आणि त्या घराला स्वतःचं मीटर नव्हतं.

जुनं घर समुद्रानं घेतल्यावर सोजराबाई आणि नवऱ्यानं सुरूच्या झाडांजवळ सरकारी जागेत नवं बांधलं होतं. त्याचे कागद कधी पुरे झालेच नाहीत. नवरा असताना अर्ज केला, तो परत आला. नवरा गेल्यावर घरात कंदील लागलेला बघून दादूनं कुणाला काही न विचारता स्वतःच्या मीटरवरून वायर ओढून दिली. तेव्हापासून दोन्ही घरं दादूच्याच मीटरवर. त्याच उजेडात उन्नती शाळा शिकली, कॉलेज शिकली.

ट्रेनिंगच्या वेळी निमेश सरांनी, म्हणजे तिच्या सुपरवायझरनं, सगळ्या मुला-मुलींना सांगितलं होतं, "लोकांना घाबरवू नका. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनाही नकाशावर घ्या. घर एकदा नकाशावर आलं की त्याला मीटर नाकारायला कुणाकडे कारण उरत नाही." निमेश सर चांगला माणूस. बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. उन्नतीच्या मनात ते वाक्य जाऊन बसलं.

आपल्या आळीत आली त्या सकाळी तिनं आत्याला अंगणातच गाठलं.

"आत्या, आज आपलं घर घेते."

"घे की. आपला घर काय गावाबाहेर हाय?" सोजराबाई जवळा वाळायला पसरत होती. तिनं मान वर केली नाही.

"वायर दादूकाकांकडून आली असं लिहावं लागेल."

"मंग लिव. आकडा टाकलेला नाय आपण. भावजी सांगून-सवरून देतात, त्यांच्या बिलात सगळा येतो. चोरी कुठं हाय त्यात?"

दादूकाका मात्र लगेच तयार झाले नाहीत. ते पडवीत जाळं विणत बसले होते. त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"उन्नी, असा सरकारी यंत्रात घालणं मला बरा नाय वाटत. चाललाय ता चालू दे."

"काका, हे धरपकडीसाठी नाही. ह्याच्यामुळेच आत्याला मीटर मिळणार आहे. सरांनी सांगितलंय. तुमच्यावरचा भारही जाईल."

"मला भार कसला?" ते म्हणाले. डोक्याचा रुमाल त्यांनी सोडला, झटकला, परत बांधला. त्यांची सून हिना दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे एकदा, उन्नतीकडे एकदा बघून ते म्हणाले, "तू शिकलेली पोर. तू सांगतेस तर घे."

टॅबलेटवर त्यासाठी एक वेगळी ओळ होतीच: एका मीटरवर दोन घरं. उन्नतीनं ती निवडली, दोन्ही दारांचे फोटो काढले. आत्यानं फोटोसाठी पदर सारखा केला.

पावसाळा संपून थंडी पडली तोवर सर्वेक्षण उरकलं. उन्नतीचं काम नेटकं होतं, म्हणून तिला पालघरच्या ऑफिसात माहिती तपासायला बसवलं. घरी बातमी सांगितली तेव्हा सोजराबाईनं आळीभर पेढे वाटले आणि दादूकाकांच्या घरी सगळ्यात आधी दिले.

ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर सगळा किनारा पसरलेला असायचा. तिनं चालून घातलेले खांब आता ठिपके झाले होते. आधी ते बघून तिला अभिमान वाटायचा. मग एक दिवस नकाशाला रंग भरले गेले. डीपीतून जाणारी वीज आणि बिलात येणारी वीज यांचा मेळ बसेल तिथं हिरवा, बसणार नाही तिथं लाल. मुरब्याची डीपी लाल झाली.

का लाल झाली ते उन्नतीला कळत होतं. गावाच्या दुसऱ्या अंगाला शहरातल्या लोकांच्या वाड्या होत्या, पाण्याचे मोठे पंप होते. सर्वेक्षणाला कुणी येणार अशी कुणकुण लागताच तिथले तारेवरचे चोरीचे आकडे उतरले होते, आणि नंतर परत चढले होते. तो भाग दर्पण नावाच्या मुलानं केला होता, आणि त्याला दिसलं तेवढं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. नकाशावर त्या वाड्या स्वच्छ होत्या. मुरब्यात खुणा होत्या त्या फक्त दार उघडून दाखवणाऱ्यांवर.

ती निमेश सरांकडे गेली. "सर, ह्या खुणा मीटर द्यायला होत्या ना?"

"त्यासाठीच होत्या." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पण माहिती आपली राहत नाही उन्नती. काल वरून मागणी आली. लाल डीपीखालच्या अनियमित जोडण्यांची यादी भरारी पथकाला गेली."

"त्यात आमचं घर आहे, सर."

"तू लिहिलंस? तुझंच घर?"

"तुम्ही सांगितलं होतं."

निमेश सरांनी तिच्यासमोरच फोन लावला. एकाला, मग दुसऱ्याला. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज खाली येत गेला. फोन ठेवून ते म्हणाले, "गाडी निघालीय म्हणतात."

तेवढ्यात उन्नतीचाच फोन वाजला. आत्या होती. "उन्नी, तुज्या ऑफिसची माणसं आल्यात बघ मीटर लावायला. पण हे तर वायरच कापतात गो. तू जरा बोल त्यांच्याशी." तिनं फोन कुणाच्या तरी पुढे धरला असावा. पलीकडून एक पुरुषी आवाज म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा," आणि फोन बंद झाला.

उन्नती स्कूटरनं खारेकुरणच्या रस्त्यानं सुटली. पोहोचली तेव्हा गाडी गेलेली होती. आत्याची वायर गुंडाळून नेली होती, आणि दादूकाकांच्या पडवीतलं मीटरही नेलं होतं. भिंतीवर नुसता चौकोनी डाग राहिला होता. दुसऱ्या घराला वीज पुरवली म्हणून दादूकाकांच्या नावावर ठपका आला होता. पथकातल्या माणसानं पंचनाम्यावर सही घेताना त्यांना टॅबलेटवरचा फोटो दाखवला. त्यांच्या दाराचा, त्यांच्याच परवानगीनं काढलेला.

दादूकाका पायरीवर बसले होते. "काका," उन्नती म्हणाली. ते उठून आत गेले. दार त्यांनी लावलं नाही, फक्त पाठ केली. हिना मात्र बाहेर आली. तिचं लेकरू कडेवर रडत होतं.

"आता परत फोटो काढायला आलीस? काढ. उजेड हाय तवर काढून घे."

ती घरी वळली. आत्या मीठ घेऊन अंगणात बसली होती. फ्रीजरमधली सगळी मासळी तिनं बाहेर काढली होती. बाजारासाठी राखून ठेवलेली पापलेटं, रावस, सगळं. एकेक मासा चिरायचा, मीठ भरायचं, परातीत ठेवायचा.

"आत्या..."

"हात धू आन् बस. म्हावरा थांबत नाय."

दोघी मीठ भरत राहिल्या. मासे जास्त होते, मीठ संपलं. बरेचसे तसेच राहिले आणि दुसऱ्या दिवशी वाळूत पुरावे लागले. सोजराबाईनं एक शब्द वाईट काढला नाही. काढला असता तर उन्नतीला सोसायला सोपं गेलं असतं.

पुढचे काही महिने उन्नतीनं ऑफिसांचे उंबरे झिजवले. निमेश सर बरोबर आले, स्वतःच्या सहीनं शिफारस दिली. दादूकाकांचं मीटर परत मिळालं, कारण ते मुळात रीतसर होतं. आत्याचा अर्ज जागेपाशी अडला. जागा सरकारची, नाहरकत आणा. नाहरकत देणारे म्हणायचे, वर विचारतो. नकाशावर घर होतं, खांब होता, खांबापासून घरापर्यंतचं अंतरही होतं. मीटर नव्हतं.

मीटर परत आलं त्या संध्याकाळी दादूकाका वायरचं नवं वेटोळं घेऊन सोजराबाईच्या दारात आले. उन्नती आत चुलीजवळ होती, तिला सगळं ऐकू आलं.

"वयनी, जोडतो परत. बघून घेऊ काय व्हायचा ता."

"नको, भावजी."

"अंधारात किती दिस राहशाल?"

"तुमच्या घरात नातू हाय. परत माज्यापायी तुमच्या दारात गाडी नको."

ते वेटोळं घेऊन परत गेले. उन्नतीशी बोलले नाहीत. गावातलं कुणीच तिच्याशी धड बोलत नव्हतं. नळावर गेली की बायकांच्या गप्पा थांबायच्या. लहान पोरं तिच्या स्कूटरमागे 'फोटोवाली, फोटोवाली' ओरडायची आणि कुणी त्यांना गप्प करायचं नाही.

बर्फ विकत आणून धंदा रेटायचा आत्यानं प्रयत्न केला. उन्हाळ्यात बाजारात पोहोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं आणि गिऱ्हाईक मासा दाबून बघून पुढे जायचं. बाजारातली तिची बसायची जागा हळूहळू दुसरीनं घेतली. मग पारू एडवणहून आली आणि आईला घेऊन गेली. लेकीच्या घरी राहायची सोजराबाईला कोण लाज. आयुष्यभर ती तिथं दोन दिवसांवर टिकली नव्हती. निघताना तिनं रिकामा फ्रीजर आतून पुसला, झाकण किंचित उघडं ठेवलं, वास येऊ नये म्हणून.

"मी नोकरी सोडते," उन्नती म्हणाली.

"येडी हायस? तुला शिकवली कशाला मी?" आत्यानं तिच्या गालावरून हात फिरवला. हाताला आता मासळीचा वास नव्हता. "सोडू नको. मात्र दुसऱ्याच्या घरात शिरशील तवा आधी विचार, हे लिवून त्याचा काय होणार. सायबाला विचार. दोनदा विचार."

उन्नतीनं बोईसरला खोली घेतली, बरोबर काम करणाऱ्या रिद्धीबरोबर. ऑफिसातल्या पडद्यासमोर तिला बसवेना, म्हणून तिनं पुन्हा फिरतीचं काम मागून घेतलं. कारखान्यांच्या रस्त्यांवर ती खांब तपासत फिरायची. कामगारांच्या चाळीत शिरली की दारात थांबून आधी हिंदीत सगळं सांगायची, हे लिहिलं तर काय होऊ शकतं तेही. निम्मे लोक ऐकून दार लावून घ्यायचे. ती 'घर बंद' लिहून पुढे जायची. निमेश सरांना ते दिसत होतं. ते तिचे कागद तसेच पुढे पाठवायचे.

सुट्टीच्या दिवशी ती एडवणला जायची. आत्या ओट्यावर बसलेली असायची. पारूचं घर चांगलं होतं, आत्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता, समोर टीव्ही चालू होता.

"कशी आहेस?"

"बरी हाय. पंखा हाय, टीवी हाय. कामच नाय गो काय."

दर खेपेला ती थोडी बारीक झालेली दिसायची. बाजाराच्या गोष्टी आधी सांगायची, मग त्याही संपल्या. पावसाळ्यात ताप आला, तो छातीत उतरला. पारूनं पालघरला दवाखान्यात ठेवली. ताप उतरून घरी आली, पण अंथरुणातून उठली नाही. भाद्रपदात एका दुपारी पारूचा फोन आला तेव्हा उन्नती तारापूरच्या रस्त्यावर एका डीपीपाशी उभी होती. तिनं फोन ऐकला, टॅबलेट पिशवीत ठेवला, आणि स्कूटरची किल्ली हातात असूनही बराच वेळ किल्ली शोधत राहिली.

मुरब्याची माणसं टेम्पो करून एडवणला आली होती. त्यांच्यात दादूकाकाही होते. पाऊस थांबला होता, पण किनाऱ्यावर चितेची लाकडं ओली होती, पेट धरायला फार वेळ लागला. सगळं उरकल्यावर बायका परसात तोंडं धूत होत्या, तेव्हा पारू उन्नतीजवळ आली. तिचे डोळे सुजले होते.

"मला तुला खूप बोलायचा होता," पारू म्हणाली. "लई दिस साठवून ठेवला होता. पण आयनं माज्याकडनं शपथ घेतली. म्हणाली, पोरीला बोल लावशील तर माजा मेलेला तोंड बघशील. आता मेलीच. तरी बोलवत नाय मला."

उन्नतीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. पारूनं तो धरू दिला, थोडा वेळ. मग आतून कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

उन्नती स्कूटरपाशी आली तर तिथं दादूकाका उभे होते. टेम्पो माणसं भरून निघून गेला होता. ते मुद्दाम मागे राहिले की खरंच राहून गेले, ते तिनं विचारलं नाही. ते मागे बसले.

माकुणसार मागे पडलं. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला. एका ठिकाणी रस्त्यावर पाणी साचलेलं, तिथं तिनं गाडी हळू केली आणि समोर बघतच म्हणाली, "काका, तुम्ही तेव्हा नको म्हणाला होतात."

"हां."

"मी ऐकलं नाही."

"मी पण शेवटी हो बोललो ना." वाऱ्यात त्यांचं बोलणं तुटक येत होतं. "तुज्यावर राग नव्हता असा नाय सांगत. होता. घरात पोर रडत होता, लाईट नाय, त्यात चोर म्हणून सही घेतली माजी. लई दिस राग होता. मंग राग गेला तर बोलायची लाज वाटायला लागली. त्यात वयनी गेली एडवणला."

"तुम्ही तिला भेटायला गेला होतात?"

"नाय." डोक्याचा रुमाल घट्ट करत ते म्हणाले, "जायला पायजे होता."

मुरब्यात शिरेपर्यंत दिवस कलला होता. दादूकाकांना सोडून परत बोईसरला निघायचं असं तिनं ठरवलं होतं. समोर आत्याचं घर कुलपात होतं. ओटीवर पावसानं उडवलेली वाळू, कोपऱ्यात कुत्रं निजलेलं. तिनं गाडी वळवायला घेतली, आणि परत बंद केली.

"जेवून जा," दादूकाका म्हणाले.

"नको काका. हिनावहिनीला..."

"तुमच्या घरात आज चूल नाय. शेजाऱ्यानंच वाढायचा असता. चल."

हिनानं तिला बघितलं. पाट मांडला, ताटात भात वाढला, वर साधं वरण. लेकरू आता चालायला लागलं होतं. ते उन्नतीपुढे येऊन उभं राहिलं आणि तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ओढू लागलं. हिनानं त्याला उचलून बाजूला घेतलं, रागानं नाही.

उन्नतीनं पहिला घास घेतला. चितेपाशी तिला रडू आलं नव्हतं, पारू बोलली तेव्हाही नाही. दुसरा घास तोंडात असताना ते आलं, आणि थांबेना. दादूकाकांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला आणि स्वतःच्या ताटाकडे बघत बसून राहिले.